साबण, ब्लीच आणि औषधाची चिठ्ठी

एप्रिल २००७ ते मार्च २००८ या एका वर्षात इंग्लंडमध्ये 'क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल' या आतड्याच्या जिवाणूचे ५५,४९८ रुग्ण नोंदले गेले. सहा वर्षांनी, २०१३-१४ मध्ये, हा आकडा १३ हजार ४०० च्या आसपास होता. मृत्यूच्या दाखल्यांवरूनही हेच दिसते. इंग्लंड आणि वेल्स मिळून २००७ मध्ये ८,३२४ दाखल्यांवर या जिवाणूचा उल्लेख होता, २०१२ मध्ये १,६४६ दाखल्यांवर. म्हणजे रुग्ण पाऊणपट घटले आणि मृत्यू पाचातले चार.

या काळात सी. डिफवर (डॉक्टर आणि परिचारिका त्याला याच नावाने ओळखतात) कुठलीही लस आली नाही. म्हातारी माणसे कमी झाली नाहीत, उलट वाढली. बदलले ते रुग्णालयात काम करणाऱ्यांचे वागणे. हात कशाने धुवायचे, जुलाब लागलेल्या रुग्णाला कुठे हलवायचे, कमोडची खुर्ची कशी पुसायची आणि कोणते अँटिबायोटिक लिहायचे, या चारही सवयी बदलल्या. यातल्या कोणत्या बदलाने किती फरक पडला हे आकड्यांवरून बरेचसे कळते. ते समजून घ्यायला हवे, कारण रुग्णालयांतले प्रशिक्षण अजूनही बहुतेक ठिकाणी हात धुण्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते.

उतार कसा होता ते पाहा. २००८-०९ मध्ये ३६ हजार, पुढच्या वर्षी २५ हजार ६००, मग २१ हजार ७००, १८ हजार, १४ हजार ७००. सरकारने २००७ मध्ये उद्दिष्ट ठेवले होते ते २०१०-११ पर्यंत ३० टक्के घट करण्याचे. प्रत्यक्षात तोवर ६१ टक्के घट झाली होती. सार्वजनिक आरोग्यात ठरवल्याच्या दुप्पट यश क्वचित मिळते.

या यशाच्या मागे मोठी किंमत मोजलेली होती. लंडनजवळच्या बकिंगहॅमशायरमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात २००३ ते २००५ या काळात दोनदा उद्रेक झाला. ३३४ जणांना लागण झाली आणि किमान ३३ जण दगावले. २००६ च्या चौकशी अहवालात नमूद केलेली गोष्ट आजही प्रत्येक अधिष्ठात्याने वाचावी अशी आहे. संसर्ग नियंत्रणाच्या तज्ज्ञांनी रुग्ण वेगळे ठेवायला सांगितले होते, पण व्यवस्थापनाला खर्चाची आणि प्रतीक्षेच्या वेळेची उद्दिष्टे जास्त महत्त्वाची वाटली. त्यानंतर केंट परगण्यातल्या मेडस्टन आणि टनब्रिज वेल्स इथली रुग्णालये. ऑक्टोबर २००७ च्या अहवालानुसार तिथे सुमारे ९० मृत्यू निश्चितपणे किंवा बहुधा याच संसर्गामुळे झाले होते. परिचारिका इतक्या कमी होत्या की जुलाब लागलेल्या रुग्णांना 'अंथरुणातच करा' असे सांगितले जात होते. धुऊन ठेवलेल्या बेडपॅनवर घाण दिसत होती. स्कॉटलंडमधल्या व्हेल ऑफ लेव्हन रुग्णालयात २००७ आणि २००८ मध्ये ३४ मृत्यूंना या जिवाणूचा हातभार लागला. तिथल्या न्यायालयीन चौकशीने २०१४ मध्ये ७५ शिफारशी केल्या.

या तिन्ही ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना हात धुवायचे असतात हे माहीत नव्हते, असे कुणी म्हणणार नाही. म्हणून शिकवायचे नेमके काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आधी या जिवाणूची रीत पाहू. २०१६ मध्ये त्याच्या कुळाचे नाव बदलून 'क्लॉस्ट्रिडिओइडीस' झाले, पण चाल तीच राहिली. शरीराबाहेर तो बीजाणूच्या रूपात राहतो. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपी गेलेला जिवाणू. कोरड्या पृष्ठभागावर तो पाच-पाच महिने टिकतो. पोटातल्या आम्लाने मरत नाही, अल्कोहोलने मरत नाही, नेहमीच्या फिनाइलनेही मरत नाही. कुणाच्या तरी हातावरून तो दुसऱ्याच्या तोंडात जातो, लहान आतड्यात पित्ताच्या क्षारांमुळे जागा होतो आणि मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे आपले नेहमीचे कोट्यवधी जिवाणू दाटीवाटीने राहत असतील तर त्याला पाय रोवता येत नाहीत. पण आठवडाभर अँटिबायोटिक घेतल्याने ती वस्ती उजाड झाली असेल, तर त्याला रान मोकळे मिळते. तो दोन विषे सोडतो, आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. साठी-सत्तरी उलटलेल्या, आधीच आजारी असलेल्या माणसाला ते झेपत नाहीत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या आकडेवारीनुसार, उपचार घेताना लागण झालेल्या ६५ वर्षांवरच्या ११ रुग्णांपैकी एक महिनाभरात दगावतो. आणि बरे झालेल्या सहा जणांपैकी एकाला दोन ते आठ आठवड्यांत हाच आजार पुन्हा होतो.

म्हणजे आजार व्हायला दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. बीजाणू पोटात जायला हवा आणि आतडे आधीच मोकळे झालेले हवे. पहिली गोष्ट हातांची आणि पृष्ठभागांची, दुसरी औषधाच्या चिठ्ठीची. सगळे आकडे या दोन खात्यांत मांडून पाहिले की चित्र स्पष्ट होते.

हातांपासून सुरुवात करू. २००९ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल इथे दहा स्वयंसेवकांच्या हातांना या जिवाणूचे निरुपद्रवी बीजाणू लावून वेगवेगळ्या पद्धतींनी हात स्वच्छ करून पाहिले गेले. निकाल असे मांडता येतात: हात न धुता हातावर दहा हजार बीजाणू राहत असतील, तर कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुतल्यावर सत्तरेक उरले. गार पाणी आणि साध्या साबणाने सव्वाशे-दीडशे. कोमट पाणी आणि जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणाने तीनशेच्या आसपास. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने आठ हजार सातशे. संशोधकांच्या हिशेबात हा शेवटचा निकाल हात न धुण्याच्या बरोबरीचाच ठरला.

या चार आकड्यांत प्रशिक्षणाचा एक पूर्ण तास आहे. साबण इथे जिवाणूला मारत नाही, घासण्याने बीजाणू सुटतात आणि नळाच्या पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून महागड्या साबणाने जास्त फायदा होत नाही आणि पाणी गार असले तरी काम भागते. लागते ते वाहते पाणी, चोळायला पुरेसा वेळ आणि पुसायला कोरडा कागदी रुमाल. २०१० च्या एका प्रयोगात तर सॅनिटायझर चोळून झाल्यावर नुसते हस्तांदोलन केले, तर हातावर उरलेल्या बीजाणूंपैकी ३० टक्के समोरच्याच्या हाताला लागले.

मग खाटेच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली टांगलेली असते ती काढून टाकायची का? मुळीच नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात ती बाटली खाटेजवळ आल्यामुळे आणि त्यासोबतच्या मोहिमेमुळे हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि १९९८ पर्यंत रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. बाकीच्या बहुतेक जंतूंसाठी ती बाटली उत्तम आहे. बेसिन दहा पावलांवर असते, बाटली हाताशी असते आणि दर तासाला वीस वेळा हात धुवावे लागणाऱ्या परिचारिकेला ही दहा पावले जड जातात. शिकवताना सांगायचे ते अपवादाचे. जुलाब असलेल्या रुग्णाजवळून बाहेर पडताना बाटली पुरेशी नाही, बेसिनपर्यंत जायचेच. कोविडच्या काळात सॅनिटायझरवर आपला सगळ्यांचा इतका विश्वास बसला आहे की हा अपवाद आता मोठ्या आवाजात, पुन्हा पुन्हा सांगावा लागेल.

आता कुणाचे हात? फ्रान्समधल्या एका रुग्णालयात सी. डिफच्या रुग्णांची सेवा करून आलेल्या ६६ कर्मचाऱ्यांचे हात तपासले. ग्लोव्हज वगैरे सगळे काढल्यावर, पण हात स्वच्छ करण्याआधी. २४ टक्के हातांवर बीजाणू सापडले. अशा रुग्णांकडे न गेलेल्या ४४ जणांपैकी एकाच्याही हातावर नव्हते. हुद्द्यांनुसार पाहिले तर परिचारिका १९ टक्के, डॉक्टर २३ टक्के आणि साहाय्यक, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मावशी आणि मामा, ४२ टक्के. डॉक्टरांचे हात परिचारिकांच्या हातांपेक्षा स्वच्छ नव्हते, हे एक. आणि बेडपॅन उचलणारा, चादर बदलणारा, अंग पुसणारा माणूस सर्वांत जास्त धोक्यात होता, हे दुसरे. तरीही प्रशिक्षणाची पुस्तिका छापताना, पॉवरपॉइंट तयार करताना आणि परिसंवादाची निमंत्रणे पाठवताना सर्वांत शेवटी आठवतो तो हाच माणूस. माझ्या मते प्रशिक्षणाचा पहिला तास त्याच्यासाठी, त्याच्या भाषेत आणि त्याच्या पाळीच्या वेळेत हवा. रात्रपाळीची मावशी सकाळी अकराच्या व्याख्यानाला थांबेल असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे.

हात नुसत्या रुग्णामुळेच मळतात असेही नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या अभ्यासात ग्लोव्हज घातलेल्या हातांनी एकदा रुग्णाच्या त्वचेला आणि एकदा त्याच्या आसपासच्या वस्तूंना, म्हणजे खाटेचा कठडा, घंटीचे बटण, जेवणाचे टेबल यांना स्पर्श केला. दोन्ही वेळा ग्लोव्हजवर बीजाणू येण्याचे प्रमाण सारखेच निघाले, ५० टक्के. म्हणजे 'मी रुग्णाला हात लावलाच नाही, फक्त टेबल सरकवले' याला अर्थ उरत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या अतिदक्षता विभागात, ज्या खोलीत आधी सी. डिफचा रुग्ण होता तिथे नंतर आलेल्यांपैकी ११ टक्के लोकांना तो झाला. इतर खोल्यांत हे प्रमाण ४.६ टक्के होते. आधीचा रुग्ण घरी गेला, चादरी बदलल्या, फरशी पुसली, तरीही.

म्हणून इंग्लंडमधल्या संसर्ग नियंत्रणाच्या परिचारिका कमोडच्या खुर्चीवर एवढा भर देतात. वॉर्डात ही खुर्ची सर्वांत जास्त हातांतून जाते. शिकवताना ती नुसती दाखवत नाहीत, उलटी करतात. बसायची पाटी काढायची, भांडे काढायचे, मग हातांच्या आधाराची खालची बाजू, पाटीची कड, मागच्या पायांचे सांधे आणि चाकांची खोबण बोटाने दाखवायची. वरून लख्ख दिसणाऱ्या खुर्चीच्या नेमक्या याच जागा विसरल्या जातात, कारण पुसणाऱ्याला त्या दिसत नाहीत आणि बसणारा रुग्ण तिथेच धरतो. काही ठिकाणी आधी तिथे न दिसणारे, निळ्या दिव्याखाली चमकणारे द्रव्य लावून ठेवतात. कर्मचारी नेहमीसारखी खुर्ची पुसतो, मग दिवा लावतात. ज्या डागाला हात पोहोचला नाही तो तिथेच चमकत असतो. दहा सूचनांपेक्षा हा डाग जास्त लक्षात राहतो, पण तो दाखवताना कुणाला चारचौघांत खजील करू नये. नाही तर पुढच्या वेळी तो माणूस शिकायला येणार नाही. पुसून झाल्यावर खुर्चीवर तारीख, वेळ आणि सही असलेली हिरवी पट्टी चिकटवतात. पट्टी नसेल तर ती खुर्ची वापरायची नाही. पुसायचे क्लोरिनने. इंग्लंडमध्ये दर दहा लाख भागांत एक हजार भाग क्लोरिन असलेले द्रावण वापरतात. त्याला काम करायला काही मिनिटे ओले राहू द्यावे लागते. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे केले तर ब्लीच वाया जाते.

हात धुण्याच्या मोहिमेचा खरोखर उपयोग झाला का, याचा सर्वांत मोठा हिशेब २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. इंग्लंड आणि वेल्समधल्या १८७ रुग्णालय-संस्थांनी २००४ ते २००८ या काळात साबण आणि सॅनिटायझर किती खरेदी केले, हे त्यात मोजले होते. कर्मचाऱ्यांना 'हात धुता का' विचारले तर सगळे हो म्हणतात. निरीक्षक उभा केला तर तो असेपर्यंत सगळे धुतात. खरेदीची बिले मात्र खरे बोलतात. एका रुग्णाच्या एका दिवसामागे दोन्हींचा मिळून खप २१.८ मिलिलिटरवरून ५९.८ मिलिलिटरवर गेला, जवळपास तिप्पट. त्याच काळात सी. डिफचे प्रमाण दर दहा हजार रुग्ण-दिवसांमागे १६.७५ वरून ९.४९ वर आले. हे सगळे श्रेय साबणाचे नव्हे, पण बाकीचे घटक वजा केल्यावरही साबणाचा खप रुग्ण-दिवसामागे दहा मिलिलिटरने वाढला की सी. डिफ सुमारे सात टक्क्यांनी घटतो, असा संबंध दिसला. सी. डिफच्या बाबतीत हा संबंध साबणाचा होता. प्रयोगशाळेत दहा जणांच्या हातांवर दिसलेली गोष्ट देशभरच्या बिलांमध्ये पुन्हा दिसली, हे मला फार मोलाचे वाटते.

याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष होता, त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. आरोग्य खात्याची सुधारणा-पथके ज्या रुग्णालयांना भेट देऊन आली, तिथे पुढच्या किमान दोन तिमाहींत सी. डिफ सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिला. म्हणजे वॉर्डात येऊन, बेसिन कुठे आहे आणि वेगळ्या खोल्या किती आहेत हे बघून बोलणाऱ्या माणसांचा परिणाम होतो. भिंतीवरच्या भित्तिपत्रकाला कुणी प्रश्न विचारू शकत नाही.

इथपर्यंतचे पहिले खाते. आता दुसरे, औषधाच्या चिठ्ठीचे.

१९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या ४२८ रुग्णांचा पाठपुरावा केला होता. दाखल होतानाच ७ टक्के रुग्णांच्या शौचात हा जिवाणू होता. उरलेल्या ३९९ पैकी ८३ जणांना, म्हणजे २१ टक्के लोकांना, तो रुग्णालयात मिळाला. पण या ८३ पैकी जुलाब झाले फक्त ३१ जणांना. बाकीचे ५२ जण धडधाकट दिसत होते आणि जिवाणू बाळगून होते. वेगळ्या खोलीत आपण ठेवतो ते जुलाब झालेल्यांना. न दिसणारे बाकीचे वॉर्डातच असतात.

ऑक्सफर्डशायरमध्ये २००८ ते २०११ या काळातल्या ९५७ रुग्णांच्या जिवाणूंचे पूर्ण जनुकीय वाचन झाले. तोवर बहुतेकांची समजूत होती की रुग्णालयात सी. डिफ झाला म्हणजे शेजारच्या खाटेवरून आला. निकालाने ती समजूत मोडली. आधीच्या कुठल्या तरी रुग्णाच्या जिवाणूशी जुळणारे फक्त ३३३ निघाले, ३५ टक्के. त्यांतही ज्यांचा त्या आधीच्या रुग्णाशी रुग्णालयात जवळून संबंध आला होता असे १२६. म्हणजे एकूण रुग्णांत सुमारे १३ टक्के. याउलट ४५ टक्के रुग्णांचा जिवाणू आधीच्या सगळ्यांपेक्षा स्पष्टपणे वेगळा होता. तो घरून, न दिसणाऱ्या वाहकांकडून, कुठूनही आलेला असू शकत होता. हे आकडे साबण आणि विलगीकरण लागू झाल्यानंतरचे आहेत, हे विसरता कामा नये. हात धुणे सैल पडले तर हे १३ टक्के वाढायला वेळ लागणार नाही. पण हात कितीही धुतले तरी उरलेल्या रुग्णांचे काय, हा प्रश्न त्या अभ्यासाने समोर ठेवला.

उत्तर २०१७ मध्ये त्याच संशोधक गटाकडून आले. सी. डिफच्या ज्या उपप्रकाराने २००३ नंतर कॅनडात आणि मग ब्रिटनमध्ये थैमान घातले, त्याचा क्रमांक ०२७. क्यूबेक प्रांतातल्या शेरब्रूकमध्ये १९९१ साली दर लाख लोकांमागे ३५.६ रुग्ण होते, २००३ साली १५६.३ झाले. ६५ वर्षांवरच्यांमध्ये तर १०२ वरून ८६६.५. या उपप्रकारावर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातल्या औषधांचा परिणाम होत नसे. ज्या वॉर्डात ही औषधे सर्रास दिली जात तिथे बाकीचे जिवाणू मरत आणि याला जागा मिळे. ऑक्सफर्डशायरमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये सापडणाऱ्या सी. डिफपैकी ६७ टक्के असे दाद न देणारे होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये ३ टक्के. मधल्या काळात इंग्लंडने या औषधांचा आणि सेफालोस्पोरिन या दुसऱ्या अँटिबायोटिक कुळाचा वापर मोठ्या प्रमाणात आवरला होता. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळाला दाद देणाऱ्या सी. डिफच्या रुग्णांची संख्या मात्र या सगळ्या वर्षांत जवळपास होती तशीच राहिली.

हा शेवटचा मुद्दा नीट पाहा. घट जर फक्त हात धुण्याने आणि फरशी पुसण्याने आली असती, तर दोन्ही प्रकारचे सी. डिफ कमी व्हायला हवे होते. साबण उपप्रकार बघून बीजाणू धुत नाही. कमी झाला तो एकच, आणि तोही नेमका ज्याला त्या औषधांनी फायदा मिळत होता. म्हणून उताराचा मोठा वाटा औषधाच्या चिठ्ठीचा आहे, असे मानण्याशिवाय गत्यंतर नाही. स्कॉटलंडच्या ग्रॅम्पियन भागातही हेच दिसले. सेफालोस्पोरिन, को-अमॉक्सिक्लाव्ह, क्लिंडामायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचे कुळ या चौकडीचा वापर निम्म्याने कमी झाल्यावर सी. डिफ रुग्णालयांत ६८ टक्क्यांनी आणि बाहेर ४५ टक्क्यांनी घटला. ज्यांचा रुग्णालयाच्या बेसिनशी काही संबंध नाही अशा लोकांमध्येही घट झाली.

एक सावधगिरी. २०१२ मध्ये इंग्लंडने शौचतपासणीची पद्धत बदलली, दोन टप्प्यांची केली. त्यामुळे शेवटच्या एक-दोन वर्षांचे आकडे आधीच्या आकड्यांशी तंतोतंत ताडून पाहता येत नाहीत. पण घटीचा बहुतांश भाग त्याआधीच झालेला होता, त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही.

मग प्रशिक्षणाची मांडणी कशी असावी? इंग्लंडमधल्या मार्गदर्शक सूचनांनी वॉर्डासाठी पाच गोष्टी ठरवल्या: शंका येताच ती बोलून दाखवायची, दोन तासांत वेगळ्या खोलीत हलवायचे, ग्लोव्हज आणि एप्रन घालायचे, हात साबण-पाण्याने धुवायचे आणि शौचाचा नमुना लगेच पाठवायचा. यांतली पहिली सर्वांत अवघड आहे, कारण जुलाब कशाला म्हणायचे यावरच एकमत नसते. एक जण 'थोडे पातळ' म्हणतो, दुसरा 'नेहमीसारखे'. त्यासाठी ब्रिस्टलमध्ये तयार झालेला, १९९७ साली प्रसिद्ध झालेला सात चित्रांचा तक्ता वापरतात. पाच, सहा आणि सात क्रमांकाचे शौच झाले आणि दुसरे कारण दिसत नसेल, तर संशय घ्यायचा. अक्षर न वाचता येणारी मावशीसुद्धा चित्रावर बोट ठेवून 'सिस्टर, असे झाले आहे' सांगू शकते. तिने तसे सांगितल्यावर तिचे ऐकले जाईल, हे प्रशिक्षणात सिस्टरला आणि डॉक्टरला शिकवायचे असते.

डॉक्टरांच्या वर्गात विषय वेगळा हवा. अँटिबायोटिक सुरू करताना कारण आणि मुदत लिहायची, तपासणीचे नमुने आधी घ्यायचे आणि ४८ ते ७२ तासांनी चालू ठेवायचे की थांबवायचे, बदलायचे, याचा निर्णय केसपेपरवर लिहायचा. इंग्लंडने २०११ मध्ये असेच सूत्र सगळ्या रुग्णालयांना दिले. या वर्गाची परीक्षा उपस्थितीच्या सह्यांवरून होत नाही, औषध भांडारातून महिन्याला किती सेफट्रायाक्सोन (सेफालोस्पोरिनपैकीच एक) गेले यावरून होते. तशी साफसफाईच्या वर्गाची परीक्षा उलट्या केलेल्या खुर्चीवर आणि परिचारिकांच्या वर्गाची परीक्षा साबणाच्या बिलावर.

हे एकदा शिकवून भागत नाही, हेही आकडेच सांगतात. २०२१ नंतर इंग्लंडमधले प्रमाण पुन्हा चढू लागले आणि २०२३-२४ मध्ये रुग्ण १६ हजारांच्या पुढे गेले. माणसे बदलतात, निवृत्त होतात, कंत्राटी कामगार सहा महिन्यांनी नवे येतात, खाटा कायम भरलेल्या असल्या की वेगळी खोली मिळत नाही.

आपल्याकडे सी. डिफची सक्तीची राष्ट्रीय नोंद होत नाही, त्यामुळे इंग्लंडसारखा आलेख काढता येत नाही. नियम मात्र आहेत. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'अनुसूची एच-१' नुसार सेफट्रायाक्सोन, लिव्होफ्लॉक्सासिन अशा औषधांची विक्री केमिस्टने स्वतंत्र वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०२० मध्ये आली. पण एक गोष्ट इंग्लंडच्या पुस्तिकेत सापडणार नाही, ती आपल्यालाच भरून काढावी लागेल. आपल्या सरकारी वॉर्डात, आणि बऱ्याच खासगी रुग्णालयांतही, म्हाताऱ्या रुग्णाचे बेडपॅन उचलते ती सून किंवा मुलगी, अंग पुसतो तो मुलगा. रात्री खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपतात ते तेच, आणि रुग्णाला घास भरवतात तेही तेच. फ्रान्सच्या आकडेवारीतले ४२ टक्के हात आपल्याकडे बहुधा नातेवाइकांचे आहेत. त्यांना कुणी वर्गाला बोलावत नाही. दाखल होताना पैसे भरण्याच्या खिडकीवर जितका वेळ जातो, त्यातली पाच मिनिटे सिस्टरने त्यांच्यासाठी ठेवली आणि चार गोष्टी सांगितल्या तर पुरे: पातळ झाले की लगेच सांगा, बेडपॅन ठेवल्यावर हात साबणाने धुवा, बाटलीतल्या सॅनिटायझरवर विसंबू नका आणि भरवण्याआधी पुन्हा धुवा. मात्र त्यासाठी त्या मजल्यावरच्या बेसिनला पाणी हवे आणि तिथे साबण हवा.